फणस, चिंच आणि पाळण्याची गाडी

कसबा बावड्यात एखाद्या परक्यानं गुरुसिद्धचा धंदा विचारला, तर लोक सांगत, "झाडाचा डॉक्टर हाय." त्यात निम्मी थट्टा असे आणि निम्मा आदर. गुरुसिद्ध स्वतः फक्त "झाडं बघतो" म्हणे. कौलांवर ओणवलेली फांदी उतरवायची, तारेत शिरलेला शेंडा छाटायचा, कुजका भाग खरवडून वर डांबर फासायचं, वादळात फाटलेल्या बुंध्याला लोखंडी पट्टा आवळून त्याला पुन्हा संसाराला लावायचं. अगदीच इलाज नसला तर झाड पाडायचं. तशी वेळ वर्षातून चार-दोनदाच येई आणि त्या दिवशी तो जेवत नसे. त्याची बायको महादेवी शेजारणींना सांगे, "आमच्या लिंगायतात माणसाचंसुदिक सुतक पाळत न्हाईत, आन् हे झाडाचं पाळत्यात."

झाड आतून कसं आहे, हे तो ठोकून सांगे. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्याला ठोका मारायचा, लगेच कान लावायचा. निरोगी झाड ठणकावून बोलतं. पोकळ झाड 'ढब' म्हणतं आणि गप्प बसतं. ही विद्या आप्पांकडून आलेली. आप्पांनी मरताना दुसरं काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे तिची वाटणी करायला भाऊ आले नाहीत.

त्याचा ठोका म्हणजे शेवटचा शब्द. राजारामपुरीत कालिंदीबाईंच्या दारातला फणस तो दरवर्षी ठोकून बघे, तेव्हा गल्लीतले रेडिओ बंद होत, रिक्षावाला इंजिन बंद करून थांबे, कुणी कढईत मोहरी टाकलीच तर कालिंदीबाई कुंपणावरून तिच्याकडे अशा बघत, की मोहरीनं तडतडायचं थांबावं. बाई सातवीला गुरुसिद्धच्या वर्गशिक्षिका होत्या. "चांगला हाय, बाई," असं तो म्हणाला की बाई त्याला पास केल्यासारखी मान हलवत.

गाड्या घ्यायचं खूळ आलं ते आकारामच्या गुडघ्यांतून.

आकाराम त्याचा चढणारा गडी. वीस वर्षं दोघांची जोडी. गुरुसिद्धनं खालून ऐकायचं, आकारामनं कमरेला दोर बांधून वर जायचं. एका दुपारी जुन्या आंब्यावर आकारामच्या गुडघ्यानं दगा दिला. तो घसरला आणि दोराला उलटा लटकला. खाली डोकं, वर पाय. अग्निशामकची शिडी येईपर्यंत तो तसाच होता आणि खालच्या गर्दीतल्या ओळखीच्या लोकांना नमस्कार करत होता. उतरवल्यावर म्हणाला, "सगळं कोल्हापूर उलटं बघून आलो. काय फरक न्हाई, बेस दिसतंय."

सगळे हसले. गुरुसिद्ध हसला नाही. ती रात्र त्यानं आढ्याकडे बघत काढली आणि सकाळी महादेवीला सांगितलं, "आता कुणाला झाडावर चढवायचं न्हाई. गाडी घ्यायची."

सल्ला विचारायला तो कालिंदीबाईंच्या मुलाकडे गेला. डॉक्टर श्रेयसचा दवाखाना आईच्या घरालाच लागून होता आणि त्यात नुकतंच स्कॅनिंगचं मोठं मशीन आलं होतं. श्रेयस म्हणाला, "घ्या, गुरुसिद्ध. मी मशीन घेतलं तेव्हा मीही घाबरलो होतो. म्हटलं, एवढे पेशंट आणायचे कुठून? पण तसं नसतं. मशीन आलं की मागोमाग आजार येतात."

हे तो इतक्या भल्या मनानं म्हणाला, की गुरुसिद्धला धीर आला.

बेळगावकडच्या एका कंपनीनं वापरून सोडलेला ट्रक मिळाला. पाठीवर लांबलचक लोखंडी हात, हाताच्या टोकाला दोन माणसं उभी राहतील असा पिंजरा. विकणाऱ्याकडे ओंडके उचलायची क्रेनही होती. "जोडी फोडत न्हाई," तो म्हणाला, बैलबाजारात म्हणावं तसं. मग जोडीच आली. महादेवीच्या वाटणीचं निपाणीकडचं रान गहाण पडलं. पूजेला मठाचे स्वामी आले. त्यांनी दोन्ही गाड्यांना विभूती लावली, मग पिंजऱ्यात उभे राहून वर गेले. वरून पंचगंगा दिसते म्हणाले आणि आणखी एकदा न्या म्हणाले.

बावड्यानं गाडीचं नाव 'पाळणा' ठेवलं. आकाराम त्या दिवसापासून गुरुसिद्धला 'गुरसिदा' म्हणायचा बंद झाला आणि 'मालक' म्हणायला लागला. "लोखंडाचा हत्ती दारात बांधल्यावर तुला नावानं हाक मारली तर हत्तीला राग येईल," म्हणाला.

हत्ती दारात आला, आता त्याचा चारा आला. फांदी उतरवायच्या कामाला गाडी न्यावी, तर गाडी गल्लीत वळेपर्यंत आकाराम पूर्वी दोन फांद्या उतरवून तंबाखू मळत बसलेला असे. डांबर फासायला क्रेन लागत नाही. पट्टा आवळायला पाळणा लागत नाही. एवढा बोजा दारातून हलवायचा तर त्याला साजेसं काम पाहिजे, म्हणजे अख्खं झाड पाहिजे.

आणि नेमकी त्याच हिवाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातली झाडं आतून पोकळ व्हायला लागली.

बावड्यातला शिरीष पोकळ निघाला. कागलकडचा एक कडुलिंब पोकळ निघाला. मुरगूडला बाजाराच्या कडेला भांड्यांच्या एका दुकानासमोर चिंच होती. दुकानदाराची तक्रार एवढीच, की चिंचेमागं दुकानाची पाटी दिसत नाही. "पण धोक्याची आसंल तर बघा की," तो म्हणाला. गुरुसिद्धनं ठोकून बघितली. तीही पोकळ.

पाडल्याच्या दिवशी न जेवण्याचा नेम मात्र मोडावा लागला. एवढे उपास माणसाला झेपत नाहीत.

उन्हाळा लागता लागता राजारामपुरीतून बोलावणं आलं. दवाखान्यात गर्दी वाढली होती, पेशंटांच्या गाड्या लावायला जागा नव्हती आणि फणस नेमका गाड्यांच्या जागेत उभा होता. आईपुढं हे बोलायची श्रेयसची छाती नव्हती. तो एवढंच म्हणाला, "यंदा ठोकायचं राहिलंय, एकदा बघून जा."

गुरुसिद्ध गाडी घेऊनच गेला. गल्ली सवयीनं गप्प झाली. गुरुसिद्धनं ठोका मारला, कान लावला, आणि कान काढायच्या आधीच त्याच्या तोंडून गेलं, "पोकळ हाय, बाई."

कालिंदीबाईंनी फणसाकडे बघितलं. झाडाला बाळफणस लगडले होते. "तू म्हणतोस म्हणजे असणारच," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी काढून टाक. तोवर मला त्याच्याशी काय बोलायचं ते बोलून घेते."

त्याच आठवड्यात गुरुसिद्ध वखारीत गेला. वखारवाल्यानं त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. एवढा मान त्याला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

"मुरगूडची चिंच लई झ्याक निघाली बघा," वखारवाला म्हणाला. "आत एक किडा न्हाई. घट्ट, लालबुंद गाभा. मटण तोडायच्या ठोकळ्यांसाठी खाटकांनी ओंडक्यांवर उड्या टाकल्या. तसलीच आणखी हाय का कुठं?"

"घट्ट?" गुरुसिद्ध म्हणाला.

"घट्ट म्हंजे? करवतीचं दोन पातं गेलं."

चहा कशाचा होता ते गुरुसिद्धला कळलं नाही. शिरीष आणि कडुलिंबाबद्दल विचारायचं त्यानं टाळलं. घरी येताना त्यानं स्वतःची समजूत घातली, की कान गेले. पन्नाशी उलटली, माणसाचे कान जातात, त्यात काय? आप्पांना शेवटी देवळातली घंटा ऐकू येत नव्हती. बहिरेपण ही किती सभ्य गोष्ट आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

जेवताना तो महादेवीला म्हणाला, "मला कमी ऐकू याय लागलंय."

"कधीपास्नं?"

"झालं दोन-चार म्हयनं."

"मग परवा परसात मी शेजारच्या सरूच्या कानात बोलले, की ह्यांना गाडी आल्यापास्नं गर्व झालाय, ते सोप्यात बसून कसं ऐकलासा? भांडलासा की मला त्येच्यावरनं!"

घरातला इलाज संपला. मग तो श्रेयसकडे गेला. श्रेयसनं कानात बत्ती घालून बघितलं, चिमटा वाजवल्यासारखं काहीतरी वाजवून बघितलं, दाराआड उभं राहून हळू आवाजात आकडे म्हटले आणि गुरुसिद्धनं ते सगळे बरोबर परत म्हटले. एखादा मुद्दाम चुकवावा, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"अभिनंदन!" श्रेयस म्हणाला. "विशीतल्या पोराला असले कान नसतात. एकदम ठणठणीत."

गुरुसिद्धचं तोंड उतरलं.

"अहो, मी चांगली बातमी सांगतोय."

"मशीनमधी घालून बघा की एकदा. आत कायतरी आसंल."

श्रेयसनं बत्ती खाली ठेवली. मशीनमध्ये घालू नका म्हणणारे पेशंट त्यानं पाहिले होते. स्वतःहून आत जायला निघालेला हा पहिला. "कशाला? तुमचे कान चांगले आहेत, म्हणजे फणस पोकळ आहे. दोघांचंही काम झालं."

"डॉक्टर, एक विचारू? तुमी छातीवर बोटं ठोकून बघता न्हवं, तवा आत खरंच कायतरी वाजतंय म्हणून मशीनकडं धाडता, का मशीन हाय म्हणून वाजतंय?"

श्रेयस चिडेल असं गुरुसिद्धला वाटलं होतं. तो चिडला नाही. टेबलावरची नळी त्यानं उचलली, गुंडाळली, पुन्हा सोडली. "सुरुवातीला कळायचं," तो म्हणाला. "दोन्ही वेगळं ऐकू यायचं. आता... बाहेर बरेच पेशंट बसलेत, गुरुसिद्ध."

दवाखान्याच्या पायरीवर गुरुसिद्धला मुरगूड आठवलं. कान चांगले आहेत म्हटल्यावर आठवणंच भाग होतं. चिंचेवर पहिला ठोका स्वच्छ वाजला होता, पितळेच्या घागरीसारखा. मग त्यानं वळून गाडीकडे बघितलं होतं. दुसरा ठोका त्यानं हळू मारला होता, वाजू नये इतका हळू. आणि तिसरा मारलाच नव्हता.

रविवारी राजारामपुरीची ती गल्ली जत्रेसारखी भरली. वायरमननं तारांतली वीज बंद केली होती. क्रेन कोपऱ्यावर उभी होती. पाळण्याची गाडी कुंपणाला लागून घुरघुरत होती. कालिंदीबाईंनी सकाळीच फणसाला हळदकुंकू लावलं होतं, बुंध्याला जुनं लुगडं गुंडाळलं होतं आणि त्या व्हरांड्यात परीक्षेच्या खोलीत बसावं तशा ताठ बसल्या होत्या. मोकळ्या होणाऱ्या जागेत फरशी घालायला श्रेयसनं गवंडी बोलावून ठेवला होता. आकाराम पिंजऱ्यात चढायला निघाला.

"थांब," गुरुसिद्ध म्हणाला. "मी जातो."

तो पिंजऱ्यात उभा राहिला, लोखंडी हात वर गेला, पिंजरा फणसाचा बुंधा दोन फांद्यांत फुटतो त्या दुबेळक्याशी आला. गुरुसिद्धनं ठोका मारला आणि कान लावला. कानात फक्त गाडी. इंजिनाची घरघर पिंजऱ्यातून तळपायात आणि तळपायातून कवटीत. त्यानं हातानं खूण केली, इंजिन बंद करा. आकारामनं खालून ओरडून सांगितलं, "मालक, बंद केलं तर पाळणा मधीच आडकून ऱ्हातोय! गेल्या टायमाला पंपच धरला न्हवता!"

एवढ्या महिन्यांत ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. झाड ऐकायच्या धंद्यासाठी त्यानं जी गाडी घेतली होती, ती चालू असताना काही ऐकू येत नव्हतं आणि बंद केली तर वर जाता येत नव्हतं.

तो खाली उतरला. इंजिन बंद केलं. धोतर खोचलं, वहाणा काढल्या आणि गाडीच्या पेटीतून आकारामचा जुना दोर काढला.

गर्दी हसायला लागली. "अवो पावणं, हत्ती दारात आन् चालत वारीला व्हय?" कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "डिझेल संपलंय जणू!" आकाराम मात्र हसला नाही. त्यानं दोराची गाठ दोनदा ओढून बघितली आणि कानाशी येऊन म्हणाला, "गुरसिदा, डाव्या बाजूनं जा. उजवीकडं पाय ऱ्हात न्हाई."

पन्नाशी उलटलेला माणूस झाडावर कसा चढतो, हे बघणाऱ्याला करमणुकीचं असतं. पोटऱ्या थरथरत होत्या, चीक हाताला लागत होता, एक बाळफणस तुटून गवंड्याच्या पाटीत पडला. दुबेळक्यात बसून गुरुसिद्धनं दम घेतला. मग ठोका मारला. गल्ली आपसूक गप्प झाली.

झाड बोललं. खालपर्यंत बोललं. व्हरांड्यात कालिंदीबाईंनी मान वर केली, म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं असावं. त्यानं दुसरा ठोका मारला, तिसरा मारला, आणि मग गरज नसताना आणखी दोन मारले, फक्त ऐकायला. रस्त्याच्या बाजूची एक फांदी तेवढी बुडाशी कुजली होती.

खाली यायला त्याला वर जाण्याहून जास्त वेळ लागला, कारण खाली बाई होत्या.

"झाड चांगलं हाय, बाई," तो म्हणाला. "एक फांदी काढाय पायजे. बाकी चांगलं हाय."

श्रेयस पुढं झाला. "अहो, त्या दिवशी तुम्हीच म्हणालात..."

"तू थांब," कालिंदीबाई म्हणाल्या. श्रेयस थांबला. तोही त्यांच्याच वर्गात होता. "गुरुसिद्ध, मग त्या दिवशी तुला काय ऐकू आलं होतं?"

गल्ली अजून गप्पच होती. एखादी फोडणी पडली असती तर बरं झालं असतं.

"गाडी, बाई. त्या दिवशी मी गाडी ऐकली."

बाईंनी फणसाचं लुगडं सोडायला घेतलं. बराच वेळ त्या गाठीशी झटत होत्या. "मी चार दिवस ह्याची समजूत घालत होते," त्या म्हणाल्या. "आता ह्याला काय सांगू, ते तूच सांग." गुरुसिद्धनं वाकून ती गाठ सोडवून दिली. बाईंनी त्याला त्या दिवशी पास केलं की नापास, हे त्यांच्या तोंडावरून कुणालाच कळलं नाही. चहा मात्र सगळ्यांना मिळाला, गवंड्यालाही.

आकारामनं जुन्या पद्धतीनं, शिडी लावून, ती एक फांदी उतरवली. मग दोघं गाडीत बसले. क्रेनवाल्याला बावड्याला पाठवून गुरुसिद्धनं पाळण्याची गाडी दक्षिणेला वळवली.

"घर हिकडं हाय," आकाराम म्हणाला.

"मुरगूडला जाऊ."

आकारामनं तंबाखू मळून अर्धी गुरुसिद्धच्या हातावर ठेवली.

मुरगुडात बाजार भरला होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं. भांड्यांच्या दुकानाची पाटी आता लांबूनसुद्धा दिसत होती. चिंचेच्या जागी बुडखा होता. त्याच्याभोवती भाजीवाल्या बायका ओळीनं बसल्या होत्या, पूर्वी सावलीत बसत तशाच. जागा बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं, किंवा दुसरी जागा नव्हती. डोक्यावर ओली फडकी, पुढ्यात माना टाकलेली मेथी. सगळ्यांत पुढं अंबूबाई. लग्न होऊन आल्यापासून ती चिंचेखाली भाजी विकत होती. झाड पाडलं त्या दिवशी तिनंच गुरुसिद्धला ताक पाजलं होतं, कारण ह्यानं आपला जीव वाचवला अशी तिची समजूत होती.

"ये, ये गुरसिदा," ती म्हणाली. "बस सावलीला." मग तिचं तिलाच हसू आलं. "सवय मोडत न्हाई बघ."

गुरुसिद्ध उन्हातच बसला. "अंबूबाई, चिंच पोकळ न्हवती."

"आं?"

"चांगली हुती. घट्ट. मी खोटं सांगितलं. गाडीला काम न्हवतं म्हणून."

आजूबाजूच्या बायकांचे हात मेथीवर पाणी मारता मारता थांबले. अंबूबाईनं त्याच्याकडे बघितलं, बुडख्याकडे बघितलं, मग त्याच्या मागं उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. तो शिव्यांची वाट बघत होता. मुरगूडच्या बाजारात त्या चांगल्या मिळतात. दोन-चार पडल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं.

"मग आता काय?" ती म्हणाली. "परत उभी करतोस व्हय?"

"न्हाई जमायचं."

"मग सांगाय कशाला आलास?"

अंबूबाई उठली. तिनं आपली पाटी उचलली, पोतं उचललं, तागडी उचलली आणि ती सरळ गाडीच्या पलीकडे गेली. ट्रकची सावली रस्त्यावर पडली होती. अरुंद, पण काळीभोर. अंबूबाईनं तिथं पोतं अंथरलं, पाटी मांडली आणि ओरडली, "धोंडुबाई, बाळाबाई, या गं हिकडं!" बघता बघता सगळी ओळ गाडीला पाठ लावून बसली. एकीनं पिंजऱ्याला झोळी बांधली आणि त्यात नातवंड निजवलं. गाडीला पाळणा म्हणत, ते त्या दिवशी पहिल्यांदा खरं झालं.

गुरुसिद्ध उठून गाडीत जाऊन बसला. आकाराम म्हणाला, "निघायचं न्हाई?"

"कसं निघायचं?"

आकारामनं खिडकीतून खाली वाकून बघितलं. चाकाला टेकून एक म्हातारी पेंगत होती. तो पुन्हा नीट बसला.

ऊन कलत गेलं. सावली सरकली, बायकांच्या पायांवर ऊन आलं. अंबूबाईनं पत्र्यावर थाप मारली. "गुरसिदा, जरा फुडं घे की!" गुरुसिद्धनं इंजिन चालू केलं. झोळीतलं पोर रडलं. बायकांनी पाट्या उचलल्या, गाडी दोन हात पुढं गेली, बायका पुन्हा बसल्या. त्यानं इंजिन बंद केलं. असं दुपारभर चाललं. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी ती गाडी बुडख्याभोवती सरकत राहिली आणि भांड्यांच्या दुकानाची पाटी पुन्हा झाकली गेली. दुकानदार दोनदा बाहेर आला, बायकांची ओळ बघून दोनदा आत गेला.

बाजार उठल्यावर अंबूबाईनं उरलेली मेथीची पेंडी खिडकीतून आत टाकली. गुरुसिद्ध नको नको म्हणत होता.

"घे, घे. आन् फुडच्या बाजाराला येळंवर ये," ती म्हणाली. "सकाळचं ऊन पलीकडनं येतंय, तवा गाडी त्या अंगाला लाव."